दोन भोकांचा कान

ज्याला सायकल चालवता येते त्याला ती थांबवताही येते, असे आपण धरून चालतो. पावसाळ्यात हिंगोलीहून औंढ्याकडे सायकलने गेलेला माणूस असे धरून चालणार नाही. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी होते. डांबरी सोडून शेताच्या वाटेला जरा वळलात, की ती रिमला लागते, रबराला चिकटते, मडगार्डच्या पोटात जाऊन बसते. मग ब्रेक दाबा नाहीतर नागनाथाचे नाव घ्या, फळ सारखेच! चिखल कशाला, नुसत्या पाण्यानेसुद्धा लोखंडी रिमवरचे रबर घसरते. आमच्या पिढीने दांड्यांच्या ब्रेकची ती उंच काळी सायकल पावसात थांबवली ती बहुधा चप्पल झिजवूनच.

माझा भाचा या वाटेने रोज शेतावर जातो. यंदा मृग बरसल्यावर त्याने हट्ट धरला, की सायकलला डिस्क ब्रेक हवा. डिस्क ब्रेक काही आजचा नव्हे. लँचेस्टर नावाच्या इंग्रजाने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले आणि १९५३ साली ल मान्सची शर्यत जग्वारने जिंकली ती या ब्रेकच्या बळावर. चाकाच्या आसाशी एक पोलादी तबकडी फिरते आणि दोन बाजूंनी तिला चिमटीत धरले जाते. तबकडी चिखलापासून उंच राहते, एवढ्यातच त्याचे निम्मे यश आहे.

बाजारातली सायकल असती तर दुसरी घे म्हणून सांगितले असते. पण पोरगा उंच, बाजारातली चौकट त्याला पुरत नाही. त्याची चौकट गावातल्या एका मिस्त्रीने पोलादी नळ्या पितळेने जोडून बनवलेली. या मिस्त्रीचा मुख्य धंदा हळद शिजवण्याच्या कुकरांचा. वाफ कोंडणाऱ्या भांड्याचा जोड उसवला तर काय होते हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. तरीही ताईचा फोन आलाच. "तू शिकलेला आहेस, तूच बघ. एकुलतं पोर आहे." तिच्या आवाजात ब्रेकचा प्रश्न नव्हता, हे मला कळले.

मी कागद घेऊन बसलो. चाकाची त्रिज्या सुमारे ३४ सेंटिमीटर. १६० मिलिमीटरच्या तबकडीला ब्रेक पकडतो तो आसापासून साडेसात सेंटिमीटरवर. म्हणजे रस्त्याशी टायर ४० किलोच्या जोराने अडायचे, तर तबकडीपाशी साडेचारपट, १८० किलोचा ओढा बसणार. रिमचा ब्रेक चाकाच्या कडेलाच धरतो, त्याला एवढे ओझे पेलावे लागत नाही. आणि हे ओझे येणार कुणावर? आसाकडून सीटकडे चढणाऱ्या डाव्या बारीक नळीवर. ती बिचारी माणसाचे वजन तोलायला जन्मलेली. आडवा धक्का तिच्या नशिबी कुणी लिहिलाच नव्हता.

मी हिशेब वाचून दाखवला. मिस्त्रीने कागदाकडे पाहिलेही नाही. "मालूम है, गुरुजी. इसकू एक आडी नळी देना पडता." वर चढणारी नळी आणि खालची आडवी नळी यांच्यामध्ये एक छोटा टेकू, म्हणजे ओढा दोघींत वाटला जाईल. माझे गणित जिथे संपले तिथून त्याचे सुरू झाले.

भाच्याला पुढच्या चाकालाही तोच ब्रेक हवा होता. पुढचा फोर्क मात्र बाजारातून आणलेला, हलक्या नळीचा. मिस्त्री एवढेच म्हणाला, "बेटा, आगे नक्को." मागचा जोड सुटला तर सायकल फरफटेल, पुढचा सुटला तर माणूस तोंडावर जाईल. पोराने बराच वाद घातला. खरे म्हणजे अधिक काम पुढचाच ब्रेक करतो, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण मिस्त्री हलला नाही, आणि मला त्याचेच पटले.

मग तो कान तयार झाला. कान म्हणजे जाड पट्टीचा एक तुकडा, त्याला दोन भोके, मध्यापासून मध्यापर्यंत ५१ मिलिमीटर. हे माप जगभर चालते, नखभर चुकले तर ब्रेक बसणार नाही. चाक जागेवर कसून, तबकडी लावून, कान आधी दोन ठिपक्यांनी धरला. मग चाक काढून टाकणखार लावला आणि पितळेची कांडी. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळते, पोलादाला पंधराशेच्या जवळ जावे लागते. म्हणून नळी तशीच राहते आणि पितळ फटीत पाण्यासारखे शिरते. ते शिरताना पाहणे हा एक सोहळा आहे. पण तापलेली नळी किंचित वाकतेच. तबकडी आणि गुटका यांच्यात केसाएवढी फट ठेवायची असते. भाच्याने पाण्याचा डबा पुढे केला तेव्हा मिस्त्रीने तो बाजूला सारला. जोड आपला आपण निवू द्यायचा. पुढचा दीड तास नुसती कानस चालत होती. कानाला कानस लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पहिली फेरी मिस्त्रीनेच मारली. साठी उलटलेला गृहस्थ, उतारावरून सुसाट आला आणि आमच्यापुढे करकचून थांबला. पाच वेळा. मग जोडावर रॉकेल फिरवले, कोरडे पुसले आणि माझ्याकडे हात केला. "गुरुजी, खडू आहे?"

निवृत्त झालो तरी खिशात एखादा तुकडा सापडतोच. त्याने तो चुरून जोडावर भुरभुरला. कुठे केसभर चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. कुकरांचीही हीच परीक्षा. आम्ही तिघे उकिडवे बसून त्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहत राहिलो. रेघ उमटली नाही.

तेवढ्या भागाला त्याने रंग मात्र लावू दिला नाही. रंगाखाली चीर लपते. महिन्यातून एकदा सायकल दाखवायला आणायची, अशी अट आहे. पाऊस असो, काढणी असो, ताई पोराला त्या दिवशी स्वतः पिटाळते. आणि खडूची एक पेटी मी दुकानात नेऊन ठेवली आहे.