लिव्हरपूल, ८६ नंबरची बस आणि गिरगावातल्या दोन खोल्या



इंग्लंडात येऊन सव्वीस वर्षं झाली. मँचेस्टरहून लिव्हरपूल गाडीने तासाभरावर, पण बीटल्सच्या गावाला मी कधी गेलो नव्हतो. 'जाऊ की कधीतरी' असं म्हणत राहून गेलं. गेल्या महिन्यात एकदाचा गेलो. दोन दिवस राहिलो, पाय दुखेपर्यंत हिंडलो. तिथलं सांगतोच, पण आधी थोडं घरचं सांगतो, कारण ते डोक्यात घेऊनच मी गाडीत बसलो होतो.

बीटल्स आमच्या घरात आणले ते दादाने. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. गिरगावातली चाळ, दोन खोल्या, सहा माणसं. पहिल्या पगारात त्याने काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून रेकॉर्ड आणली. (ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं.) रेकॉर्ड आमची, प्लेअर शेजारच्यांचा! अप्पांना तो सगळा गोंगाट वाटे. दादा त्यांना ऐकवायचा, "अहो, ह्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत आपल्या मुंबईत येऊन, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपले वादक घेऊन रेकॉर्डिंग करून गेलाय." अप्पांवर परिणाम शून्य. माझ्यावर मात्र जन्माचा झाला.

आता ती चाळ पाडून टॉवर होणार आहे. भाडेपावती अजून अप्पांच्या नावावर. ती दादाच्या नावावर करायला माझं ना-हरकत पत्र हवं. ते आठ महिने माझ्या टेबलावर पडून होतं. प्रश्न पैशाचा नव्हता, मला वाटा नकोच. मला चाळ हवी होती, आहे तशी. लाकडी जिने, कॉमन गॅलरी, संध्याकाळी येणारा फोडणीचा वास. फोनवर मी दादाला यावर भाषणच दिलं. तो म्हणाला, "बरं." दादा एवढंच म्हणतो.

तर लिव्हरपूल. शहरातून ८६ नंबरची बस धरली की पेनी लेनच्या तोंडाशी उतरता येतं. गाण्यातलं ते राउंडअबाउट तिथे आहे, न्हाव्याचं दुकान आहे. रस्त्याच्या पाट्या चाहते इतक्या चोरायचे की शेवटी नाव भिंतींवर रंगवायची वेळ आली. मी नुसताच उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या बसेस बघत होतो. भाजी आणायला निघालेल्या एका आजींनी मला वळसा घातला. त्यांना सवय असावी.

तिथून चालत वेव्हरट्री भागात १२, आर्नल्ड ग्रोव्हला गेलो. जॉर्जचा जन्म १९४३ मध्ये इथला. बंद गल्ली, एकाला एक चिकटलेली घरं. २०२४ मध्ये घरावर निळी गोल पाटी लागली आहे. वर दोन खोल्या, खाली दोन, संडास मागच्या अंगणात. आंघोळीचं पत्र्याचं टबही बाहेरच टांगलेलं असायचं. माणसं सहा! आमच्याइतकीच. मला अगदी भरून आलं. पण हॅरिसन कुटुंबाने कौन्सिलच्या घरासाठी यादीत नाव घालून वर्षानुवर्षं वाट बघितली होती, आणि जॉर्ज सहा-सात वर्षांचा असताना घर मिळाल्यावर ते स्पीकला राहायला गेले. हे मला आधीपासून माहीत होतं. पण त्या दारात उभं राहून पहिल्यांदाच मनात आलं, की त्यांना इथून सुटायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नॅशनल ट्रस्टची सहल. (जाणाऱ्यांसाठी सूचना : बुकिंग आधी करा, जागा थोड्या असतात आणि घरांच्या आत फोटो काढू देत नाहीत.) जॉन ज्या मिमीमावशीकडे वाढला ते 'मेंडिप्स' योको ओनोने २००२ मध्ये विकत घेऊन ट्रस्टला दिलं. घरासमोर मोठा रस्ता आहे. १९५८ च्या जुलैत जॉनची आई बहिणीला भेटून निघाली आणि त्याच रस्त्यावर मोटारीखाली गेली. जॉन सतरा वर्षांचा होता.

पॉलचं घर २०, फोर्थलिन रोड. कौन्सिलचं साधं घर. १९५५ मध्ये मॅकार्टनी मंडळी तिथे आली आणि पुढच्याच वर्षी पॉलची आई गेली. ती सुईण होती. पुढच्या खोलीत तीन तऱ्हेचे वॉलपेपर आहेत, उरलेले तुकडे जोडून लावल्यासारखे. त्याच खोलीत आई गमावलेली ही दोन पोरं गिटार घेऊन समोरासमोर बसायची. स्वयंपाकघरात मी जरा जास्तच रेंगाळलो. जुना सिंक, कपडे पिळायचं यंत्र, सगळं पन्नाशीच्या दशकातलं ठेवलंय. आणि मी मनात म्हटलं, बघा, ह्यांना जपता येतं!

बाहेर पडलो तर त्याच ओळीत एक बाई कचऱ्याचा डबा फुटपाथवर आणून ठेवत होत्या. त्यांच्या खिडक्या नव्या, डोक्यावर डिश अँटेना. तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. वीस नंबरचं घर १९५५ मध्ये थांबलेलं आहे, कारण तिथे कुटुंब राहत नाही. रात्री तिथे कुणाला खोकला येत नाही. ज्यांना राहायचं आहे, ते खिडक्या बदलतात.

आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला आहेत. दादा सत्तरीच्या जवळ, दोन्ही गुडघे गेलेले. रात्री दोनदा उठतो. वहिनी टॉर्च धरून मागे उभी राहते, पावसाळ्यात तर गॅलरी ओलीच असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दर फोनमध्ये "गुडघे कसे आहेत?" मीच विचारतो. मग त्याच फोनवर फोडणीच्या वासाबद्दल बोलतो. म्हणजे मँचेस्टरच्या सेंट्रल हीटिंगमध्ये बसून मी दादाकडून फुकटात माझं संग्रहालय चालवून घेत होतो.

संध्याकाळी मॅथ्यू स्ट्रीटवर कॅव्हर्नमध्ये गेलो. १९६१ ते ६३ या काळात बीटल्स तिथे २९२ वेळा वाजवून गेले. मूळ तळघर १९७३ मध्ये बुजवलं, भुयारी रेल्वेच्या हवेच्या झरोक्यासाठी, आणि तो झरोका काही झालाच नाही! १९८४ मध्ये जवळपास त्याच जागी जुन्या पंधरा हजार विटा वापरून क्लब पुन्हा बांधला. 'खरी नाही ती' म्हणून मी इतकी वर्षं नाक मुरडत आलो. पायऱ्या उतरून गेलो तर कमानींखाली एक मुलगा गिटारवर बीटल्सची गाणी वाजवत होता आणि साठ वर्षांच्या बायका आणि वीस वर्षांची पोरं एकत्र गात होती. मीही गायलो. सूर कसा होता ते विचारू नका.

तिथून बाहेर येऊन दादाला फोन लावला. मुंबईत मध्यरात्र उलटून गेली होती, पण तो जागाच होता. कारण मी विचारलं नाही, मला कळलं. म्हटलं, "दादा, सोमवारी नोटरीकडे जाऊन सही करतो. उशीर झाला, चुकलंच माझं."

"बरं," दादा म्हणाला.

मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मला वाटलं फोन कट झाला. तेवढ्यात त्याने विचारलं, "काय रे, कॅव्हर्नमध्ये गेला होतास ना? त्या विटा खरंच जुन्या आहेत?"

"थोड्या आहेत म्हणतात."

"मग बिल्डरला सांगून आपल्या चाळीची एक वीट काढून ठेवतो तुझ्यासाठी. विमानात किती किलो नेऊ देतात रे?"

पत्र मंगळवारी कुरिअरने गेलं. वीट घरात कुठे ठेवायची यावर बायकोशी बोलणी चालू आहेत.