शाळेचे नाव

आमचा पुतण्या काय करतो, असे कोणी विचारले म्हणजे गेली सहा वर्षे आम्ही "संगणकाचे काहीतरी करतो" एवढे बोलून विषय बदलीत आलो. यात लाज नव्हती, अडचण होती. तो नावे विकत घेतो, असे सांगितले असता समोरचा गृहस्थ आमच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे आम्ही दोनदा अनुभविले आहे. आमच्या पिढीस नाव म्हणजे बारशाच्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात सांगावयाची गोष्ट. तिला काही मोल पडलेच तर ते घुगऱ्यांचे.

त्याने हे शास्त्र आम्हांस प्रथम समजावून दिले तेव्हा ते अपेक्षेपेक्षा लवकर उमगले, आणि त्याचे श्रेय पाणिनीस द्यावे लागेल. इंटरनेटच्या जाळ्यावरील संगणकास आकड्यांचा पत्ता असतो, व तो माणसाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संशोधकाने अशी योजना मांडली की, माणसाने नाव सांगावे आणि त्याचा आकडा यंत्राने शोधून काढावा. 'टि', 'घु' या संज्ञा ज्याने बालपणी घोकल्या आहेत, त्यास लांबलचक गोष्टीच्या जागी छोटे नाव ठेवण्याची सोय निराळी पटवून द्यावयास नको. 'डॉट कॉम' हा प्रत्यय लागलेले पहिले नाव सिंबॉलिक्स या अमेरिकन कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी नोंदविले. त्यानंतर दहा वर्षे नावास दाम पडत नसे. १९९५ पासून दोन वर्षांचे १०० डॉलर घेऊ लागले. आणि वस्तूस किंमत आली की मागोमाग व्यापारी येतोच. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९७ साली १,५०,००० डॉलरांस गेले व १९९९ साली तेच ७५,००,००० डॉलरांस. ही कथा आमच्या पुतण्याच्या वाचनात आली, आणि पुण्यातील हिशेबनिसाची नोकरी सोडून तो घरी परतला. त्याच्या आईस आठ दिवस अन्न गोड लागले नाही. आरंभीच्या खर्चास ४०,००० रुपये आम्ही आमच्या निवृत्तीच्या रकमेतून दिले, ही गोष्ट पुढील हकिकतीत वाचकांनी ध्यानात ठेवावी.

'विकत घेणे' हा शब्दप्रयोगच मुळी चुकीचा आहे. डॉट कॉमचे नाव फार तर दहा वर्षांकरिता मिळते, आणि बहुतेक लोक ते वर्षाच्या कराराने घेतात. तो भाडेपट्टा होय. मुदत टळली तर मूळ धन्यास थोडी सवड मिळते; नोंदणी करणाऱ्या कंपन्या त्यानंतर पुष्कळदा नावाचा लिलाव पुकारतात. लिलावात ते गेले नाही, तर आणखी ३० दिवस जबर शुल्क भरून सोडवून घेता येते. शेवटी पाच दिवसांची अवधी, व मग नाव मोकळे. श्राद्धाच्या पानाभोवती कावळे जमावेत तशी अशा नावांभोवती जगभरची माणसे टपलेली असतात. आमचा पुतण्या त्यांपैकीच एक.

नाव हाती आल्यावर त्यावर संकेतस्थळ उभारावयाचे, त्यात गूगलसारख्या शोधयंत्रास रुचेल असा मजकूर घालावयाचा, आणि येणाऱ्यांपुढे जाहिराती मांडून मिळकत करावयाची, हा धंद्याचा दुसरा भाग. यात आम्ही स्वतः सामील झालो. दहावीच्या मुलांकरिता संस्कृत शब्दरूपांचे एक संकेतस्थळ त्याने काढले व मजकुराचे काम आमच्याकडे आले. आम्ही प्रास्ताविकापासून आरंभ केला. तो वाचून म्हणाला, "काका, मुले असे विचारीत नाहीत. ती 'देव शब्दाची रूपे' एवढेच लिहितात. त्यांना पहिल्या ओळीत देव द्या, विवेचन मागून." आम्हांस राग आला. परंतु रात्री विचार करता, एकतीस वर्षे वर्गात प्रास्ताविक सांगताना मागच्या बाकावर काय चालत असे तेही आठवले. दुसऱ्या दिवशी निमूटपणे देव वर घेतला.

'संस्कृत शब्दरूपे' हे शब्द प्रत्येक परिच्छेदात आणावेत, अशीही त्याची एक सूचना होती. अर्ध्या मात्रेच्या काटकसरीत आनंद मानणाऱ्यांच्या शास्त्रात आमचे आयुष्य गेलेले. ही उधळपट्टी आमच्याने होईना. तो सल्ला जुनाट आहे, यंत्र आता त्यास भुलत नाही, २०११ पासून तर पोकळ मजकुराची पाने गूगल खाली ढकलीत आले आहे, हे त्यास पुढे आपणहून कळले. देवनागरी नावाचा हट्ट मात्र आमचा होता, व तो फसला. २०१४ पासून 'डॉट भारत' हा प्रत्यय मिळू लागला आहे. पण आमचे विद्यार्थी मराठी नावही रोमन अक्षरांत लिहितात.

जाहिरातींचे १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हाती येत नाहीत. ते जमावयास १४ महिने लागले. मात्र त्या अवधीत कोण्या मुलीने कळविले की, 'पितृ' शब्दाचे संबोधन आपण 'पिता' असे दिले आहे, ते 'पितः' हवे. चूक आमचीच होती. दोन मिनिटांत सुधारली. छापील पुस्तकात ती पुढच्या आवृत्तीपर्यंत आमच्याकडे पाहत बसली असती.

गेल्या श्रावणात एके संध्याकाळी तो ओसरीवर आला व त्याने नव्याने घेतलेल्या नावांची यादी आमच्यापुढे ठेविली. चौथे नाव आमच्या शाळेचे होते.

शाळेचे नाव येथे देत नाही. तिच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवून ते संकेतस्थळ केले होते, आणि शाळेचा इतिहास त्यात आम्ही लिहिला होता. नूतनीकरणाची सूचना ज्या कारकुनाच्या पत्त्यावर जाई, तो निवृत्त झाला. सूचना जात राहिल्या व कोणी वाचल्या नाहीत. आमच्या पुतण्याने लिलावात १८,००० रुपये देऊन नाव मिळविले.

एका खेडवळ शाळेच्या नावास एवढी किंमत का? तर गूगल ज्या दोघांनी १९९८ साली काढले, त्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांची मूळ कल्पनाच अशी की, इतर संकेतस्थळे ज्याकडे बोट दाखवितात ते विश्वासार्ह. आमच्या शाळेकडे बोट दाखविणारे पुष्कळ होते: वृत्तपत्रे, शिक्षणसंस्था, परदेशी गेलेले विद्यार्थी. म्हणजे १८,००० रुपये अक्षरांस पडले नव्हते. ते त्या साक्षींस पडले होते. त्या पतीवर शैक्षणिक कर्जांच्या जाहिरातींचे स्थळ चालवावे, असा त्याचा बेत होता.

"काका, मी चोरी केली नाही. त्यांनी टाकले, मी उचलले."

"टाकले नाही रे, विसरले," आम्ही म्हणालो.

आमचे बंधू मुलाच्या बाजूने बोलले. "दादा, गेल्या वर्षी माडीचे पत्रे कोणत्या पैशाने बदलले?" प्रश्न रास्त होता. त्याच मिळकतीतून आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि भांडवल तर आमचेच. मातोश्री आतून बाहेर आल्या व एवढेच म्हणाल्या, "अरे, शाळेचे नाव विकत मिळते?" त्यांस कोणी उत्तर दिले नाही.

आम्ही नीतीवरून बोललो ते तोकडे पडले. तेव्हा त्याच्याच शास्त्राचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे यांच्या खटल्यात अशा नावांस व्यापारचिन्हासारखे संरक्षण मानले आहे, हे त्यानेच एकदा सांगितले होते. शिवाय मार्च २०२४ मध्ये गूगलने नियम केला की, जुन्या नावाची पत उपटून त्यावर निरुपयोगी मजकूर चढविणे हा गैरवापर समजला जाईल. आणि उदाहरण दिले आहे ते एका पूर्वीच्या प्राथमिक शाळेच्या स्थळावर जुगाराचा मजकूर घातल्याचे. त्यास ते ठाऊक होते. "मी जुगार लावणार नव्हतो," असे म्हणून तो उठून गेला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पंगतीत वाढणाऱ्यांची त्यामुळे फार कुचंबणा झाली.

तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन आला. इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकन संस्थेने १९९६ पासून जगातील संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेविल्या आहेत. त्यांत आमच्या शाळेची जुनी पाने त्यास सापडली होती. आमचा लेख त्याने वाचून दाखविला. लेखात एक सन चुकला होता, तोही त्याने दाखविला. मग म्हणाला, "घातले तेवढे पैसे द्या म्हणावे, नाव परत देतो."

आम्ही दोघे शाळेत गेलो. चहा झाला. नव्या चालकांनी शांतपणे ऐकून घेतले व सांगितले की, शाळेचे फेसबुकावर पान आहे, सर्व पालक तेथेच येतात, संकेतस्थळाची आता गरज उरलेली नाही. आणि १८,००० रुपये कोणत्या खाती टाकावयाचे हाही प्रश्नच आहे. पुतण्या रकमेत उतरला, अखेर फुकट देतो म्हणाला. तेव्हा, नूतनीकरण दरवर्षी कोणी करावयाचे, असे त्यांनी विचारले. परत येताना एस.टी.त तो खिडकीबाहेर पाहत होता. आम्हांसही बोलावयास काही सुचले नाही.

सध्या त्या नावावर आमचा जुना लेख आहे, सन दुरुस्त केलेला. खाली मुख्याध्यापकांची यादी व काही छायाचित्रे. जाहिरात नाही. महिन्यातून चारदोन पत्रे येतात. कोणी १९८८ च्या तुकडीची नावे मागतो, कोणी कळवितो की अमुक शिक्षक वारले. ती उत्तरे आम्ही लिहितो. पुतण्याने एक वर्षाची मुदत दिली आहे. पुढचे पुढे पाहू म्हणतो. मुदत श्रावणात संपते. सुमारे हजार रुपयांचे ते शुल्क यंदा आम्ही भरावयाचे म्हणतो. त्याने अद्याप हो म्हटलेले नाही.