एका वेळी एकच काम

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. मराठीत काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

तिसरीतला एक मुलगा. डबा विसरणार, वही अर्धवट सोडणार, जागेवर बसणार नाही. मी त्याला कितीदा तरी वर्गाबाहेर उभे केले. "लाडाने बिघडवलाय," असे त्याच्या आईला सुनावलेही. पुढे डॉक्टरांनी एडीएचडी सांगितले, तेव्हा मान खाली गेली. हा आळस नव्हे, संस्कारांची उणीवही नव्हे. मेंदूच्या वाढीतला फरक आहे. लक्षणे 12 वर्षांच्या आत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, निदान 6 महिने दिसावी लागतात. म्हणून प्रत्येक खोडकर मुलावर हा शिक्का मारू नये.

त्या आईकडूनच मी शिकलो. "दप्तर भर, बूट घाल, दूध पी" असे एका दमात सांगणे तिने बंद केले. जवळ जाऊन, नाव घेऊन, एकच काम सांगायचे. झाले की लगेच शाबासकी. संध्याकाळपर्यंत थांबायचे नाही. 10 मिनिटे अभ्यास, मग अंगणात एक फेरी. आजोबांना हे पटायला मात्र वेळ लागला.

परवा तो माझ्या खोलीत आला. "सर, आज डबा आणला." उघडून दाखवला, पोहे होते. पाण्याची बाटली रिक्षातच राहिली होती.