मुके मेंबर

आज पिकाचं कमी अन् माणसांचं जास्त लिहितो.

आमच्या कापसाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर लोक हायेत. बोलणारे दहा-बारा. मेसेजवर बोट दाबून धरलं की कोणी कोणी वाचला ते दिसतं. वाचणारे दीडशे, उत्तर देणारे तीन. मला लई राग यायचा. एकदा मी लिहिलं पण होतं, "नुसतं वाचणाऱ्यांना काढून टाका."

मागच्या साली दिवाळीच्या बाजारात एक जण भेटला. "दादा, मी तुमच्या ग्रुपात हाय." खिशातनं वही काढली. मी टाकलेलं सगळं त्यात उतरवलेलं. कामगंध सापळे हेक्टरी 5, सलग तीन रात्री सापळ्यात 8 पतंग आले की फवारणी, डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या. मला बरं वाटलं.

मग म्हणला, "माझ्याकडं डोमकळ्या तुमच्या पंधरा दिस आधीच दिसल्या होत्या." त्याची लागवड ठिबकवर, मे अखेरची. फुलं आधी लागली, म्हणून गुलाबी बोंडअळीचा पतंगही तिथंच आधी आला. शेत माझ्यापासून दोन कोसावर. तेव्हाच कळलं असतं तर मी सापळे वेळेवर लावले असते. मी उशीर केला अन् वेचणीत कवडी कापूस घरी आणला.

"मग सांगितलं का नाही?"

"एकदा इचारलं होतं दादा, डोमकळी म्हणजी काय. लोक हसले. तवापासून नुसतं वाचतो."

घरी येऊन जुना मेसेज शोधला. खाली सात हसरे चेहरे. त्यातला एक माझा.

त्याच नंबरवर फोन लावला, चुकलं म्हणलं. "जाऊ द्या दादा," म्हणला. ग्रुपवर तो अजूनही लिहीत नाही. पण हंगामात सकाळी फोन करून सापळ्याचा आकडा सांगतो, तो मी इथं टाकतो.

आज त्याचे 6, माझे 2. म्हणजे मी आता रोज सापळा बघणार.

कृषी सहायक अन् जाणकार मंडळी, कोणी साधा प्रश्न इचारला तर आधी उत्तर द्या. अन् वाचणाऱ्यांनो, गाव, लागवडीची तारीख अन् पतंगाचा आकडा, एवढंच टाका. बोलून पाठवलं तरी चालतंय. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.