सात टनांचा बार

कातानिया, सिसिली
गुरुवार, दुपार

ती. दादास,


फोनवर तू विचारलंस, "झाला का ज्वालामुखी बघून?" आणि मी "हो, मस्त झालं" म्हणून मोकळी झाले. लेकीच्या स्वयंपाकघरात उभं राहून, जावई शेजारी कॉफी ओतत असताना याहून जास्त काय बोलणार? व्हॉट्सॲपवर लिहावं तर चार ओळींपुढे तू वाचत नाहीस, नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून कागद घेतलाय. वहिनीने वाचून दाखवलं तरी चालेल, पण बांधाचं आलं की तेवढं तू स्वतः वाच.

आधी तुझ्या काळजीचं. आम्ही तोंडाशी वगैरे गेलो नव्हतो. एटना साधारण 3,400 मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. 'साधारण' म्हणायचं कारण, दर मोठ्या उद्रेकानंतर उंची बदलते. कधी वर भर पडते, कधी कड ढासळते. 2025 च्या 2 जूनला अशीच कड ढासळून राखेचा लोट खाली आला आणि डोंगरावरचे पर्यटक जिवाच्या आकांताने पळत सुटले. कुणाला काही झालं नाही. तू टीव्हीवर पाहून मला फोन केला होतास तो हाच प्रकार. आमची मात्र अर्ध्या दिवसाची चाल, सकाळी नऊ ते दीड, दोन हजार मीटरच्या आसपास, सहा माणसं आणि एक वाटाड्या. जाहिरातीत 'सोपी' लिहिलं होतं. ज्याने लिहिलं त्याला माझ्या गुडघ्यांची ओळख नसावी. भाड्याने घेतलेल्या बुटांपैकी डाव्याचा तळवा पहिल्या तासातच जिभेसारखा बाहेर आला, तो वाटाड्याने चिकटपट्टी गुंडाळून बसवला. त्याच्या पिशवीत चिकटपट्टी तयारच होती, यावरून काय ते समज.

वाटाड्या पन्नाशीचा, तुझ्यासारखाच कमी बोलणारा. चार तासांत त्याच्या तोंडून 'ज्वालामुखी' हा शब्द दोनदाच आला असेल, तोही आमच्या सोयीसाठी. इथे सगळे तिला 'आ मुंताञ्ञा' म्हणतात, म्हणजे नुसता 'डोंगर', पण त्यांच्या भाषेत डोंगर बाईमाणूस आहे. ती आज गप्प आहे, तिने रात्री राख टाकली, तिचं काही सांगता येत नाही. सासूबद्दल बोलतात तसं. आपल्याकडे नाही का, रात्री सापाला 'लांबडं' म्हणायचं, आणि आजी गोवराला, कांजिण्यांना नाव न घेता 'बाया आल्यात' म्हणायची, तीच तऱ्हा वाटली मला. जुनं नाव आहे मोंजिबेल्लो. त्यातला 'मोन' लॅटिन, म्हणजे डोंगर; पुढचा तुकडा अरबी 'जबल', म्हणजे परत डोंगरच. डोंगर-डोंगर. मी हसले, मग आठवलं की आपणही 'सह्याद्री पर्वत' म्हणतोच की!

आता दगडाचं, कारण तुला खरं ते ऐकायचं असणार. आपल्या विहिरीत वर मुरूम लागला, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि मध्ये तो गेरूसारखा तांबडा पट्टा, ज्यात तुझी पहार सहज घुसली होती. आठवतं? तो पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधली माती. एक थर थिजला, त्यावर माती झाली, आणि मागून आलेल्या थराने ती भाजून काढली. ते सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. इथे तोच पाषाण, जातीने तोच, पण बाळंतिणीच्या खोलीतला. 2002 सालचा दगड मी हातात घेतला. आपल्या बबडीपेक्षा वयाने लहान दगड! भोकाभोकांचा, वजनाला पोकळ, कडा इतक्या धारदार की तळहाताला बारीक चिरा पडल्या. आपल्या मांजऱ्याची भोकं पांढऱ्या खड्यांनी बुजलेली असतात, याची सताड उघडी. ती बुजायला पाणी आणि काळ लागतो, आणि इथे अजून दोन्ही पुरेसे मुरलेले नाहीत.

त्यावरून चालणं म्हणजे कौलांच्या फुटक्या ढिगावरून चालणं. पाऊल ठेवलं की खळ्ळ आवाज. कुठे नुसता कोळशाच्या चुऱ्यासारखा भुगा. जुना लाव्हा कुठला आणि नवा कुठला हे वाटाड्या लांबून रंगावरून सांगत होता: नवा काळा कुळकुळीत, जुन्यावर करडी झाक. जवळ जाऊन पाहिलं तर ती झाक म्हणजे दगडफूल! अगदी गोड्या मसाल्यातलं नव्हे, पण त्याच्याच भावकीतलं. लाव्हा थिजला की हे पहिल्यांदा येऊन बसतं. त्यानंतर कुठेकुठे एक काटेरी झुडूप, उशीसारखं गोल, मातीला घट्ट धरून. त्याला इथे 'पवित्र काटा' म्हणतात. त्या काट्याच्या आडोशाने मग दुसरी झाडं येतात. सोनकीसारखं पिवळं काहीतरी त्यातून डोकावत होतं. नाव विचारायचं राहिलं.

मध्ये एका गुहेत नेलं. डोक्याला हेल्मेट, कपाळावर दिवा. 1792 चा लाव्हा आतून वाहून गेला आणि वरची साल तेवढी राहिली, तो हा बोगदा. भिंतीवर हात फिरवला तर कढईच्या आत वाळलेल्या पाकासारखा गुळगुळीत थर, आणि छताला ठिबकता ठिबकता थिजलेले बोटभर थेंब. वाटाड्याने सगळ्यांचे दिवे मालवायला लावले. पाच परस खोल विहिरीत रात्री तू मला उतरवली होतीस तेव्हाही वर एक चांदणी दिसत होती; इथे तीही नाही. बाहेर आल्यावर एक जर्मन बाई हळूच म्हणाल्या की आत त्यांनी माझा हात धरला होता. मला वाटलं होतं मीच त्यांचा धरलाय.

मग चढ. वाटेचं नाव 'गाढवाची पाठ', आणि ती जिथे संपते त्या दरीचं नाव 'बैलाची दरी', वाल्ले देल बोवे. गाढवावर बसून बैलाच्या दारी. पण काठाशी पोचले आणि विनोद सुचेना. डोंगराच्या कुशीतून एक मोठा घास कुणी काढावा तशी ती दरी, पाच किलोमीटर रुंद, सात लांब, काही कडे हजार मीटर उभे, आणि तळ पूर्ण काळा. नांगरलेल्या काळ्या रानासारखा, फक्त ढेकळं घराएवढी. डावीकडे वर डोंगराचं डोकं आणि पांढरा धूर. तेवढ्यात एक दणका आला, लांबचा, कानाऐवजी छातीत ऐकू येणारा. दादा, खरं सांगते, मी आधी लाल निशाण कुठे आहे ते शोधलं. लहानपणी तुम्ही सुरुंग लावून "बाऽऽर!" ओरडायचात आणि आई मला पोटाशी धरून भिंतीआड बसायची, तीच जागा शरीर शोधत होतं. वाटाड्याने मान वर केली नाही, घड्याळ पाहिलं आणि चालू लागला.

आता ऐक. 14 डिसेंबर 1991 ला याच दरीत डोंगराची कूस फुटली आणि लाव्हा सलग 473 दिवस वाहिला. खाली झाफेराना नावाचं गाव आहे, मधाचं आणि बागांचं. त्याच्या वाटेवर आधी मातीचा बांध घातला, वीसएक मीटर उंच. लाव्हाने वाट पाहिली, साचला, आणि एप्रिलमध्ये वरून उतरला. मग हेलिकॉप्टरने काँक्रीटचे ठोकळे आणून वरच्या बोगद्याच्या तोंडात टाकले. शेवटी 27 मे 1992 ला तुझा उपाय केला: सुरुंग. पण तुझ्यासारखा भोक पाडून ठासलेला नव्हे. दगडच तापलेला, त्यात भोक घ्यायचं कसं? 1983 मध्ये तसा प्रयत्न केला होता तेव्हा भोकं आधी गार करत बसावं लागलं होतं. या वेळी त्यांनी वाहत्या लाव्हाच्या शेजारी नवा पाट खणला, मध्ये पातळ भिंत ठेवली, आणि त्या भिंतीला लागून सात टन स्फोटकं लावून एका बारात ती उडवली. लाव्हाचा बराचसा लोंढा नव्या पाटात वळला. झाफेराना वाचलं. सात टन, दादा! तुझी सगळ्या आयुष्यातली जिलेटिनची खोकी एकावर एक ठेवली तरी भरतील का?

गावाच्या वरच्या अंगाला जी पहिली घरं लाव्हात गेली, त्यातल्या एका म्हाताऱ्याने घर सोडताना टेबलावर भाकरी आणि दारूची बाटली ठेवली होती, असं सांगतात. मुंताञ्ञा इतक्या लांबून चालत आलीय, दमली असेल, तहानली असेल म्हणून. बरोबरच्या एका मुलाने विचारलं, "मग ती थांबली का?" वाटाड्या म्हणाला, "नाही. घर गेलं." आणि पाण्याची बाटली उघडली. मला आपली आजी आठवली, ओढ्याला पूर आला की ओटी भरायला जायची ती. पूर तिच्या ओटीने कधी ओसरला नाही, आणि तिने भरायची कधी सोडली नाही.

इथून पुढचं तू वाच.

लाव्हा वळवायची ही काही पहिली वेळ नव्हती. 1669 मध्ये डोंगराची दक्षिण बाजू फाटली आणि लाव्हा कातानियावर चालून आला. शहरातला दिएगो पाप्पालार्दो नावाचा माणूस पन्नासएक गडी घेऊन वर गेला. अंगावर ओली कातडी, हातात लोखंडी पहारी. लाव्हा वाहताना दोन्ही काठ आपोआप थिजून बांध होतो. यांनी त्या बांधाला पहारींनी भगदाड पाडलं, आणि लाव्हा खरंच बाजूने फुटून दुसरीकडे निघाला. निघाला तो पातेर्नो गावाच्या दिशेने. पातेर्नोकर हत्यारं घेऊन धावून आले, पाचशेएक माणसं, आणि कातानियावाल्यांना हाकलून लावलं. भगदाड पुन्हा थिजलं. लाव्हा आपल्या जुन्या वाटेने शहराच्या तटापर्यंत गेला, काही ठिकाणी तटावरूनही आत शिरला, आणि किल्ल्याला वळसा घालून समुद्रात पडला. समुद्राकाठचा तो किल्ला आज काठापासून आत, रस्त्यांच्या मधोमध उभा आहे. काल भाजी आणायला गेले तेव्हा त्याच्यावरूनच गेले.

हे ऐकताना मी एकटीच हसले, आणि हसायचं कारण इंग्रजीत सांगता येईना. रात्रीतून बांध फोडला, पाणी दुसऱ्याच्या रानात गेलं, सकाळी कुऱ्हाडी घेऊन भावकी दारात! हे मी चौथीत असल्यापासून ऐकतेय. तुझ्या आणि आबाच्या भांडणात पाणी आहे, त्यांच्यात आग होती, एवढाच फरक. 72 च्या दुष्काळात फुटलेला बांध, आणि तू अजून म्हणतोस, "आबाच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, ही काळ्या दगडावरची रेघ." मी काठीच्या टोकाने इथल्या काळ्या दगडावर रेघ ओढून पाहिली. दगडाचा कोपराच निखळून पडला. वाटाड्या म्हणाला, या वाटेचा नकाशा त्याला दर काही वर्षांनी नवा शिकावा लागतो. मी तुला उपदेश करत नाही. आबाही काही कमी नाही, तुझ्याइतकाच हट्टी आहे. मी फक्त रेघ ओढून पाहिली ते सांगितलं.

उतरताना मजा आली. काळ्या भुग्याचा सरळ उतार, घसारा म्हणायचा पण ज्याची भीती नाही असा. तू आम्हाला राजगडावर शिकवलंस, घसाऱ्यावर अंग डोंगराकडे, पाय आडवे, घाई नाही. इथे उलट: टाच आधी रोवायची, वजन पुढे टाकायचं आणि चक्क पळायचं. भुगा पायाबरोबर वाहतो, गुडघ्याला हिसका बसत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी साडेतीनशे पावलं पळत उतरले, जर्मन बाई किंचाळत मागून. खाली आल्यावर सगळ्यांनी बूट उलटे केले. प्रत्येकापुढे काळ्या रेतीची एकेक छोटी टेकडी.

वाटाड्याने निघताना विचारलं, आमच्याकडे ज्वालामुखी आहे का? मी म्हटलं, आमचा सगळा मुलूखच तो आहे, फक्त तोंड मिटून फार काळ झाला. कोयनेजवळ खोल विंधन केलं तेव्हा जवळजवळ एक किलोमीटरपर्यंत हाच दगड, मग ग्रॅनाइट लागला, हे तूच मला पेपरातलं वाचून दाखवलं होतंस, ते त्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "आणि विहिरीला पाणी आहे?" मी म्हटलं, माझ्या भावाला विचारावं लागेल.

आहे का रे? या वर्षी परतीचा पाऊस झाला म्हणालास, मोटर किती वेळ चालते तेवढं कळव. वहिनीला नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. इथला दगड उचलून आणायला मनाई आहे, म्हणून आणला नाही. पाकिटात जी चिमूटभर काळी रेती आहे ती बुटाच्या फाटक्या तळव्यात राहिलेली, मी उचललेली नाही. खालच्या उतारावर याच मातीत लिंबाच्या बागा आहेत, आणि लिंबं आपल्या कागदी लिंबांच्या तिप्पट. बांधावरच्या लिंबाच्या बुडात टाक. तो नेमका कोणाच्या हद्दीत येतो ते मला अजून माहीत नाही.