पुढील सूचना मिळेपर्यंत

आमच्या घरात माणसं तीन आणि कागदपत्रांच्या तऱ्हाही तीन. बायकोकडे भारतीय पासपोर्ट आणि कॅनडाचं पीआर कार्ड. लेक जन्माने कॅनेडियन, पण तिचं ओसीआय कार्ड ती वर्षाची व्हायच्या आतच काढलेलं. आणि तिसरा मी, साताऱ्याच्या शनिवार पेठेत जन्मलेला, २०२३च्या ऑगस्टपासून कॅनेडियन. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात भारतात जायचं ठरवलं असतं तर आमच्यापैकी दोघं बिनदिक्कत विमानात बसू शकत होते. तिसरा कोण ते तुम्ही ओळखलंच असेल.

नागरिकत्व घेतलंच कशाला, असं बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याच्या डोळ्यात 'आमची माती, आमची माणसं' टाईप काहीतरी असतं. माझं कारण अगदीच रटाळ होतं. आमचे क्लायंट अमेरिकेत. भारतीय पासपोर्टवर तिकडे जायला व्हिसा लागतो, आणि कोविडनंतर टोरांटोत अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी वर्षभरापुढच्या तारखा मिळत होत्या. प्रॉजेक्ट संपायचा, तरी तारीख यायची नाही! थोडक्यात, व्हिसाच्या रांगा चुकवायला म्हणून मी पासपोर्ट बदलला. तो निर्णय मला आजही बरोबरच वाटतो. पण नियतीला विनोदबुद्धी असते, एवढं मात्र तेव्हा पटलं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तुम्ही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलंत की १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे भारताचं तिथेच संपतं. मग जुना पासपोर्ट जमा करायचा, तो रद्द झाल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, आणि ते जोडून ओसीआयचा अर्ज करायचा. ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. नावात सिटिझन आहे, पण मत देता येत नाही आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही. तो खरं तर आयुष्यभराचा व्हिसाच. हे सगळं एकापाठोपाठ एकच करता येतं. आधीचा कागद हातात आल्याशिवाय पुढचा अर्ज नाही. नवा पासपोर्ट माझ्या हातात आला तोच सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ओसीआय दिवाळीपर्यंत होणार नाही हे उघड होतं, म्हणून मधल्या काळापुरता ई-व्हिसा काढायचा आणि दिवाळीला साताऱ्याला जायचं असं ठरलं. तिकिटं काढून झाली होती. आईने भाजणी दळून आणायचा दिवससुद्धा नक्की केला होता.

१८ सप्टेंबरला, सोमवारी, पंतप्रधान ट्रुडो संसदेत उभे राहिले आणि हरदीपसिंग निज्जरच्या खुनाशी भारत सरकारच्या हस्तकांचा संबंध असल्याचे आरोप विश्वासार्ह आहेत म्हणाले. तो खून जूनमध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या सरे शहरात झाला होता. भारताने आरोप साफ फेटाळले. दोन्ही देशांनी एकमेकांचा एकेक अधिकारी घरी पाठवला. मंगळवारी गणपती बसले. आणि गुरुवारी, म्हणजे २१ तारखेला, गौरी घरी यायच्या दिवशी सकाळी, व्हिसा केंद्राच्या वेबसाइटवर एक ओळ झळकली: कामकाजाच्या कारणास्तव भारतीय व्हिसा सेवा पुढील सूचना मिळेपर्यंत स्थगित.

'पुढील सूचना मिळेपर्यंत' ही मराठीत आणि इंग्रजीत सारखीच भीषण शब्दरचना आहे. 'सात दिवस' म्हटलं तर माणूस कॅलेंडर बघतो. 'तीन महिने' म्हटलं तर तिकीट रद्द करतो. इथे काहीच करता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर टाईमआउट न दिलेला कॉल. प्रोसेस जिवंत आहे की मेली तेही कळत नाही.

दुपारपर्यंत दिल्लीहून खुलासा आला. कॅनडातल्या भारतीय वकिलातींना धोका आहे, अधिकाऱ्यांना नीट काम करता येत नाही, म्हणून व्हिसा बंद. धोका काल्पनिक नव्हता. त्याच वर्षी जुलैत भारतीय अधिकाऱ्यांचे फोटो आणि नावं छापलेली, त्यांच्यावर खुनाचा ठपका ठेवणारी पोस्टर्स इथे फिरली होती. एखाद्या देशाच्या वकिलातीत सर्वसामान्यांसाठी रोज दार उघडतो तो व्हिसा-पासपोर्टचाच विभाग. बाकीचे लोक काचेआड काम करू शकतात, पण खिडकीवरच्या माणसाला समोर कोण आलंय ते निवडता येत नाही. त्या इमारतीचं रक्षण करणं ही यजमान देशाची जबाबदारी, असं १९६३च्या व्हिएन्ना करारातच लिहिलंय. ते होत नाही असं वाटलं की पाहुणा देश सगळ्यात आधी खिडकी बंद करतो. इथवर मला पटतं.

पण बंद केलेल्यात ई-व्हिसाही होता, ज्याला खिडकीच लागत नाही! शिवाय तिसऱ्या देशातून अर्ज करायची सोयही बंद. म्हणजे गाडी काढून न्यूयॉर्कला जाऊन तिथून व्हिसा काढू, हा मित्रांनी सुचवलेला जुगाडही बाद. तेव्हा सुरक्षा हे कारण खरं होतं, पण एकटं तेच नव्हतं. तो एक राजनैतिक टोलाही होता, आणि टोला सरकारला द्यायचा असला तरी लागतो तो भलत्यालाच. असो. राजकारणावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

या काळात मी काय केलं? पहिले दोन दिवस दर तासाला वेबसाइट रिफ्रेश केली. तिसऱ्या दिवशी इंजिनिअर जागा झाला आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: पान बदललं की मला मेल करायची. तिने मला तीनदा मध्यरात्री उठवलं आणि तिन्ही वेळा पानाच्या तळाची तारीख तेवढी बदललेली होती. बायको म्हणाली, "सूचना आली तर मला सकाळी सांगितलीस तरी चालेल." मग ते बंद केलं आणि ओसीआयची फाईल पूर्ण करायच्या मागे लागलो. निदान जे आपल्या हातात आहे ते तरी हलत राहावं, म्हणून.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली. खुब्याचं हाड मोडलं.

मी एकुलता एक. बाबांना जाऊन सहा वर्षं झालेली. फोन चुलतभावाचा होता, आमच्याकडे रात्रीचे दोन वाजले होते. त्याने सांगितलं ते इतक्या शांतपणे की मला आधी वाटलं गाडीबद्दल बोलतोय. डॉक्टर म्हणत होते, या वयात वाट बघण्यात अर्थ नाही, दोन दिवसांत ऑपरेशन. संमतीच्या फॉर्मवर सही कोण करणार, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "तू कर दादा." एवढं वाक्य म्हणायला मला किती वेळ लागला ते त्यालाच विचारा.

इमर्जन्सीचा मार्ग अगदीच बंद नव्हता. तातडीच्या प्रसंगी वकिलाती त्या काळातही केस बघून व्हिसा देत होत्या. मी हॉस्पिटलचं पत्र मागवलं, फॉर्म उघडला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आईशी बोलताना हे तिला सांगितलं, तर ती पलंगावरून, सलाईन लावलेली असताना, माझ्यावर उखडली.

"इमर्जन्सी कसली? मी मेले नाहीये अजून."

"अगं, तसं नाही..."

"ज्यांच्याकडे खरंच कुणी गेलंय त्यांची रांग असेल तिथे. तू मध्ये घुसू नकोस. आणि येऊन करणार काय आहेस? तुला साधा चहा नीट येत नाही."

यावर काय बोलणार? तसंही हिशेब साधा होता. व्हिसा दुसऱ्या दिवशी हातात पडला असता तरी ऑपरेशनच्या आत मी पोचत नव्हतो. मी फॉर्म बंद केला.

गेली ती बायको. भारतीय पासपोर्ट घेतला, एक बॅग भरली, ऑफिसातून चार आठवडे घरून काम करायची परवानगी काढली आणि दिल्लीमार्गे पुणे, तिथून टॅक्सीने सातारा. कुणालाही काहीही न विचारता. मी मुलीला घेऊन टोरांटोच्या विमानतळावर तिला सोडायला गेलो होतो. मुलगी नऊ वर्षांची. तिने विचारलं, "आजी तुझी आई आहे ना? मग मम्मा का जातेय?" मी तिला पासपोर्ट, नागरिकत्व, व्हिसा असं क्रमाने समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्याकडे कार्ड आहे. मी जाऊ शकते?" जाऊ शकत होती. तेच तर!

पुढचे पाच आठवडे मी मिसिसागात बसून साताऱ्याचं घर चालवलं. म्हणजे, चालवतोय असं मला वाटत होतं. मेडिक्लेमचे कागद स्कॅन करून पाठवले, फिजिओथेरपिस्टच्या वेळा कॅलेंडरवर टाकल्या, कमोडची उंची वाढवायची खुर्ची पुण्याहून मागवली. रोज संध्याकाळी, तिकडच्या सकाळी, व्हिडिओ कॉल. बायको फोन टेबलावर उभा करून ठेवायची आणि आई वॉकर धरून खोलीतून ओटीपर्यंत चालायची. पहिल्या दिवशी चार पावलं. आठव्या दिवशी ओटी. एका कॉलवर दोघी माझ्याकडे साफ दुर्लक्ष करून शेजारच्या काकूंच्या सुनेबद्दल अर्धा तास बोलत बसल्या, तेव्हा मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

हे फक्त माझ्याच वाट्याला आलं होतं असंही नाही. उलट्या दिशेनेही तेच चाललं होतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कॅनडाला आपले ४१ अधिकारी भारतातून परत बोलवावे लागले. मुंबई, चंडीगड आणि बंगळुरूच्या कॉन्सुलेटमधल्या प्रत्यक्ष सेवा थांबल्या. त्यांच्या इमिग्रेशन खात्याची भारतात २७ माणसं होती, ती पाचावर आली. अर्ज घेणारी केंद्रं उघडी होती, इतर देशांत बसून अर्ज तपासले जात होते, पण वेळ वाढणार हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. ब्रॅम्प्टनच्या एका मित्राची बायको आठव्या महिन्यात होती. तिची आई पुण्यात व्हिसाची वाट बघत बसलेली. डिंकाचे लाडू कुरिअरने वेळेवर पोचले, आजी पोचली बाळ सात आठवड्यांचं झाल्यावर. मित्राने लाडवांचा फोटो ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं: 'यांना व्हिसा लागत नाही.'

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, ती 'पुढील सूचना' अखेर आली. २६ पासून चार प्रकारचे व्हिसा पुन्हा सुरू: एन्ट्री, बिझनेस, मेडिकल आणि कॉन्फरन्स. टुरिस्ट नाही, ई-व्हिसा नाही. मूळच्या भारतीयांना मिळतो तो एन्ट्री व्हिसा. मी पहिल्याच दिवशी अर्ज भरला. पण माझ्यासारखे पाच आठवडे तुंबलेले सगळेच त्या दिवशी अर्ज भरत होते. केंद्राबाहेरच्या रांगेत माझ्या पुढे एक सरदारजी आजोबा होते, लुधियानाजवळच्या गावी नातीच्या लग्नाला जायचं होतं. मागे एक गुजराती बाई, वडील जाऊन महिना झालेला. तासाभरात आम्ही तिघांनी एकमेकांचे फॉर्म तपासून दिले. आजोबांनी फोटो चुकीच्या मापाचा आणला होता. बाईंकडे जादा प्रत काढायला सुटे डॉलर नव्हते. टीव्हीवर ज्यांचं भांडण चाललं होतं ते बहुधा दुसरेच लोक असावेत.

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. पासपोर्ट त्यानंतर आला. जुनं तिकीट बुडालं, नवं दीडपटीने पडलं. बायको परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो. मधल्या रात्री तिने मला आईच्या गोळ्यांचा डबा कसा भरायचा ते दोनदा शिकवलं. मी साताऱ्यात पोचलो त्याच आठवड्यात, २२ नोव्हेंबरला, ई-व्हिसाही सुरू झाला. ओसीआय पुढच्या वर्षी आलं. २०२४च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांनी पुन्हा सहा-सहा अधिकारी काढले, तेव्हा मी कपाटातलं ते निळं पुस्तक उघडून एकदा बघून घेतलं. नवे उच्चायुक्त नेमले गेले ते थेट २०२५च्या ऑगस्टमध्ये.

साताऱ्यात पहिल्याच सकाळी दादा लॅपटॉप घेऊन आला. तेव्हा परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत यजमानाने 'फॉर्म सी' भरायचा असायचा. हॉटेलं भरायची, घरांनाही लागू होता. त्याच्या ओळखीच्या पोलिसाने सांगितलं होतं, भरून टाका, उगाच कटकट नको. यजमान म्हणून आईचं नाव. ती वॉकर बाजूला उभा करून खुर्चीत बसली होती, मांडीवर उरलेल्या चिवड्याचा डबा.

"येण्याचं कारण काय लिहायचं, काकू?" दादाने विचारलं.

"त्यालाच विचार," आई म्हणाली. "आणि किती दिवस राहणार तेही लिहून घे त्याच्याकडून. मला नीट सांगत नाहीये."