लेन्स कोणती? पूर्णा जंक्शनला विचारा!

फोटोग्राफीचा छंद लागला की पहिल्या महिन्यात आपण फोटो काढतो आणि दुसऱ्या महिन्यापासून लेन्सच्या किमती बघत बसतो. लंच अवरमध्ये रिव्ह्यू, रात्री व्हिडिओ आणि पगार झाला की क्रेडिट कार्डावर नवा हप्ता! प्रत्येक ऑफिसात एक ‘गिअर गुरू’ असतोच. त्याला कुठलाही फोटो दाखवा, तो आधी विचारणार, ‘‘लेन्स कुठली रे?’’ फोटोतली जागा कुठली, हे काही विचारत नाही.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. पुढची लेन्स घेण्याआधी एक वीकएंड पूर्णेला जाऊन या. होय, पूर्णा! परभणी आणि नांदेडच्या साधारण मध्यावर असलेलं रेल्वेचं गाव. मनमाडहून नांदेडकडे जाणारा मार्ग आणि हिंगोली-वाशीमवरून अकोल्याला जाणारा मार्ग इथे फुटतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पूर्णा नदी याच तालुक्यात गोदावरीला मिळते. इथे ना किल्ला, ना रिसॉर्ट, ना ‘सनसेट पॉइंट’. तेच तर हवंय! आयतं दृश्य नसलं की कॅमेऱ्याची आणि आपली खरी परीक्षा होते. अंधुक उजेडातले चेहरे, धावती गाडी आणि लांबवरची नदी, तिन्ही इथे एकाच दिवसात भेटतात.

फलाटावरचा उजेड

रात्रीचा फलाट. दिव्याखाली गाठोड्याला टेकून बसलेल्या आजी, चहाची किटली, गाडीची वाट बघणारी कॉलेजची पोरं. कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 ची किट लेन्स 55 वर नेली, की तिचं तोंड एफ 5.6 च्या पुढे उघडत नाही. शटर स्पीड येतो समजा 1/30, आणि आजींनी मान वळवली की चेहरा हलला! त्याच जागी 50 एमएम एफ 1.8 लावा. ही बहुतेक कंपन्यांच्या यादीतल्या स्वस्त लेन्सपैकी एक. तिच्यातून जवळपास 10 पट उजेड आत येतो. म्हणजे तेवढ्याच आयएसओवर 1/300! झूम नाही, त्यामुळे दोन पावलं पुढे जावं लागतं. गेलात की आजी विचारतात, ‘‘कुठले रे बाबा तुम्ही?’’ त्या गप्पांनंतरचा फोटो आधीच्या फोटोपेक्षा हमखास बरा येतो.

वाइड लेन्सची घाई मात्र करू नका. तुमच्या खिशातल्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा बऱ्यापैकी वाइडच असतो. पहिली खरेदी करायची ती मोबाइलला न जमणाऱ्या कामासाठी.

धावती गाडी

आता थोडं गणित. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण 16.7 मीटर पुढे सरकते. समोरून आडव्या जाणाऱ्या गाडीचा फोटो 1/100 ला काढला, तर तेवढ्या वेळात ती 17 सेंटिमीटर सरकलेली असते. 1/1000 ला हेच अंतर दोन सेंटिमीटरच्याही आत येतं. लेन्समधलं महागडं ‘स्टॅबिलायझेशन’ तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, गाडीला थांबवत नाही. दुकानात हे वाक्य फार कमी वेळा ऐकायला मिळतं, बॉस! भर उजेडात किट लेन्सवरही 1/1000 सहज मिळतो. मग फोटो चांगला येणं हे उभं कुठे राहायचं यावर ठरतं. रूळ इथे साधारण पश्चिम-पूर्व जातात आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या बाजूने बघा, डब्यांवर छान ऊन पडलेलं दिसेल. ट्रायपॉड घरीच ठेवा. फलाटावर तो लोकांच्या पायात येतो आणि गाडी आली की फलाटासोबत थरथरतो.

नदी आणि ऊन

नदी ओलांडणारा रेल्वे पूल काठावरून टिपायचा, तर टेलिफोटोचा मोह होणारच. 70-300 हा हौशी माणसाचा लाडका आकडा. 1.5 क्रॉपच्या कॅमेऱ्यावर 300 एमएमचं दृश्य 450 सारखं अरुंद दिसतं, त्यामुळे हातात धरून काढताना शटर 1/500 च्या आसपास हवा. सकाळी सातला ही लेन्स झक्कास काम करते. पण मे महिन्यातल्या दुपारी हीच लेन्स लावून बघा. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि पूल पाण्यात बुडाल्यासारखा लडबडतो. इथे तिप्पट किमतीची लेन्स आणली तरी फरक पडत नाही, कारण दोष काचेत नाही, मधल्या हवेत आहे. उपाय फुकटातला आहे. लवकर उठा, नाहीतर जवळ जा.

काळ्या मातीची धूळही विसरू नका. वाऱ्यात उघड्यावर लेन्स बदलली तर सेन्सरवर ठिपके ठरलेले. दिवसाला एकच लेन्स लावून फिरा. पावसाळ्यात बॅग बंद कपाटात पडून राहिली की काचेवर बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा, एवढ्यावर भागतं.

लेन्स मिळेल, गाडी?

हे सगळं पूर्णेतच का सुचतं, त्याला कारण आहे. निजामाच्या काळात इथे मीटरगेज आली, 1000 मिलिमीटर रुंदीच्या रुळांची. पूर्णा-हिंगोली फाटा 1912 चा. पुढे मुख्य मार्ग 1676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज झाला आणि 2008 मध्ये अकोल्याकडचा मार्गही. मीटरगेजची गाडी पूर्णेच्या फलाटावरून गेली ती गेलीच. ज्यांनी तेव्हा हातातल्या साध्या कॅमेऱ्याने, एखाद्या रोलवर चार-सहा फोटो काढले, त्यांच्याकडे आज ते फोटो आहेत. चांगली लेन्स आल्यावर काढू म्हणणाऱ्यांना आज सगळ्यात भारी लेन्स विकत घेता येईल, ती गाडी नाही.

आपल्या शहरातही हेच चाललंय. इराणी हॉटेल, सिंगल स्क्रीन थिएटर, आजोळचा वाडा. लेन्सचं नवं मॉडेल दर वर्षी येतं, वाडा एकदाच पडतो. तेव्हा हप्त्याच्या पैशांतून आधी तिकीट काढा. परत आल्यावर आपले फोटो नीट बघा. जे हुकले ते उजेडामुळे, अंतरामुळे की आळसामुळे? पहिल्या दोन कारणांसाठी लेन्स मिळते. तिसऱ्यासाठी अलार्म लावा!

पूर्णेला जाताना

कसं जाल? मुंबईहून तपोवन, देवगिरी आणि नंदिग्राम एक्स्प्रेस पूर्णेवरून जातात. मुक्कामाला नांदेड किंवा परभणी सोयीचं.

कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

बॅगेत काय? किट लेन्स, 50 एमएम, जादा बॅटरी, मऊ कापड, पाणी.

सांभाळा! स्टेशनवर कॅमेरा काढण्याआधी स्टेशन मास्तरांना विचारा. व्यावसायिक शूटिंगला रेल्वेची रीतसर परवानगी लागते. रुळांवर किंवा पुलावर जाऊ नका, रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे. आणि कुणाचा चेहरा टिपायचा असेल, तर आधी विचारा. बहुतेक जण हसून ‘काढा की’ म्हणतात.